चौथ्या मालकाची तारीख

संगणकाचा सपोर्ट संपतो त्या दिवशी संगणकाला काहीच होत नाही. पडदा नेहमीसारखा उजळतो, फायली जागच्या जागी असतात, छपाई होते, गाणी वाजतात. थांबते ती एक नेमाची देवघेव. आपल्याकडे काही नवीन दुरुस्ती आली आहे का, अशी विचारणा यंत्र करत असे आणि कंपनी ती दुरुस्ती धाडत असे. विंडोज १० च्या बाबतीत हा नेम १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्या २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि दुबईत रात्रीचे नऊ, हिवाळ्यात दहा. दुबईच्या करामा वस्तीत ही वेळ रस्त्यावर वर्दळ असण्याची, मेसमध्ये जेवणाऱ्यांची आणि खोलीवर परतून घरी फोन लावण्याची असते. त्या मंगळवारी ज्या खोल्यांत विंडोज १० चे लॅपटॉप चालू होते, तिथल्या बहुतेकांना शेवटचा नेहमीचा हप्ता येऊन गेल्याचे कळलेही नसेल.

त्याच आठवड्यात, १३ ते १७ ऑक्टोबर या काळात, करामाच्या एडीसीबी मेट्रो स्थानकापासून दोन स्थानके पुढे वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये जायटेक्स हे प्रदर्शन भरले होते. १९८१ साली ‘गल्फ कॉम्प्युटर एक्झिबिशन’ या नावाने सुरू झालेले हे प्रदर्शन आज जगातल्या सर्वांत मोठ्या तंत्रज्ञान प्रदर्शनांत मोडते. तिथे पुढच्या दशकाचे संगणक मांडलेले असताना दोन स्थानके मागे मागच्या दशकातल्या संगणकांची मुदत भरत होती. दोन्ही घटना एकाच उद्योगाच्या आहेत. पहिलीची छायाचित्रे जगभर गेली. दुसरी घराघरांत, कुणाच्या नजरेत न येता घडली, आणि सामान्य माणसाचा संबंध तिच्याशीच जास्त आहे.

सपोर्ट म्हणजे नेमके काय, हे आधी पाहायला हवे. ऑपरेटिंग सिस्टीम ही कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहतातच आणि त्यांतल्या काही अशा असतात की त्यांतून परका माणूस आत शिरू शकतो. अशा फटी सापडत राहतात, कंपनी त्या बुजवत राहते, आणि या बुजवण्याच्या कामालाच सपोर्ट म्हणतात. नवी सजावट, नव्या सोयी हा त्यातला वरवरचा भाग झाला. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि तिची डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला थांबली. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली आणि १४ जानेवारी २०२० ला तिचा सपोर्ट संपला. विंडोज १० ला २९ जुलै २०१५ पासून दहा वर्षे आणि वर अडीच महिने मिळाले.

म्हणजे मुदत संपणे नवे नाही. या वेळी वेगळी आहे ती पुढची पायरी. विंडोज १० आली तेव्हा विंडोज ७ चालवणारा जवळजवळ कोणताही संगणक तिला चालत होता आणि पहिले वर्षभर ती फुकटही मिळत होती. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने तेव्हा जाहीर व्यासपीठावरून हीच विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले होते. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, यात त्यांची चूक नव्हती. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आली आणि तिने दारात अटी ठेवल्या: ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर. रॅम वाढवता येते, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवता येते. खरी अडचण शेवटच्या दोन अटींची आहे.

टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरच्या आतली छोटी तिजोरी. संगणकाच्या गुप्त किल्ल्या तिच्यात राहतात, आणि कुणी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी कुलूपबंद मजकूर उघडत नाही. नव्या विंडोज संगणकांच्या मॉडेलांत टीपीएम २.० असलेच पाहिजे, असा नियम मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६ अखेरीपासून निर्मात्यांना घातला. म्हणून २०१६-१७ च्या कित्येक लॅपटॉपमध्ये ही तिजोरी आहे. तरीही ते बाद ठरतात, कारण इंटेलच्या बाबतीत रेघ ओढली गेली ती आठव्या पिढीवर, आणि आठवी पिढी बाजारात येऊ लागली ती ऑगस्ट २०१७ पासून.

ही रेघ किती बारीक आहे, हे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले की दिसते. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच काळ्या रंगाचे, चौदा इंची. एकात आय५-७२००यू आहे, दुसऱ्यात आय५-८२५०यू. हात टेकवायच्या जागेचा निळा स्टिकर दोन्हींवर घासून पुसट झालेला असतो आणि त्यावरून काही कळत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचे नाव वाचावे लागते, आणि त्या नावात आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा पाहावा लागतो. सात असेल तर दार बंद, आठ असेल तर उघडे. दोघांमध्ये खरा फरक आहे, हेही मान्य करायला हवे. सातव्या पिढीच्या त्या चिपमध्ये दोन कोअर आहेत, आठव्या पिढीच्या चिपमध्ये चार. पण पत्र लिहिणे, हिशोब ठेवणे, मुलांचा अभ्यास घेणे या कामांना दोन कोअर पुरतात. शिवाय सातव्या पिढीतल्याच काही मोजक्या चिपांना सवलत मिळाली, आणि त्यांतली एक मायक्रोसॉफ्टने स्वतः विकलेल्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या यंत्रात होती. सुरक्षेचे कारण खरे आहे. पण अपवाद करता येतो, हेही त्यातून सिद्ध झाले, आणि तो अपवाद स्वस्त लॅपटॉपवाल्याच्या वाट्याला आला नाही.

हा स्वस्त लॅपटॉपवाला कोण, याचे उत्तर करामात चांगले मिळते. बर दुबईच्या अंगाला, झाबील आणि बुर्जुमान यांच्या मध्ये वसलेली ही वस्ती दुबईतल्या जुन्या नोकरदार वस्त्यांपैकी एक. कमी उंचीच्या इमारती, खाली किराणा, शिंपी, टायपिंग सेंटर, कार्गोची दुकाने, केरळी आणि उडुपी खानावळी, मराठी थाळी मिळणारी जागा. वर कुटुंबे आणि बॅचलर खोल्या. हिशोबनीस, ड्राफ्ट्समन, स्टोअरकीपर, नर्स, सेल्समन अशी माणसे इथे वर्षानुवर्षे राहिली. त्यांत मुंबई-पुण्याचे मराठी आहेत, तसेच खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन या पट्ट्यातले कोकणी मुसलमानही आहेत. त्यांच्या घरांतून आखाताची वाट १९७० च्या दशकापासून मळलेली आहे. संगणक घ्यायचा तर चालत जाण्याच्या अंतरावर खालिद बिन अल वलीद रस्ता आहे, ज्याला लोक सरळ कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणतात, आणि मनखूल रस्त्यावर अल ऐन सेंटर आहे.

यातल्या अनेकांच्या हातात येतो तो नवा लॅपटॉप नसतो. तो आधी एखाद्या मोठ्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत तीन-चार वर्षे राबलेला असतो. कंपनी जुना माल लॉटमध्ये काढते. शारजाच्या औद्योगिक भागातले व्यापारी तो घेतात, उघडून पुसतात, डिस्क बदलतात, बॅटरी पाहतात, दर्जाप्रमाणे वेगळा करतात. काही माल आफ्रिकेला जातो, काही दक्षिण आशियाला, काही दुबईच्याच दुकानांत येतो. तिथे दुसरा मालक मिळतो. तो नोकरी बदलताना किंवा कायमचा परत जाताना खोलीतल्या जोडीदाराला देतो, तो तिसरा. तिसरा सुट्टीत गावी जाताना भाचीसाठी घेऊन जातो. अठरा वर्षांवरील प्रवाशाला आपल्याबरोबर एक लॅपटॉप भारतात विनाशुल्क नेता येतो, ही सवलत आखाती मराठी घरांत पाठ असते. चिपळूणच्या घरी तो लॅपटॉप पोचतो तेव्हा त्याच्या कळांवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरे असतात आणि त्यांवर भाची इनस्क्रिप्टचे मराठी स्टिकर चिकटवते. चौथा मालक.

आता तारखेचा हिशोब. २०१७ च्या अखेरीस घेतलेल्या सातव्या पिढीच्या लॅपटॉपला कंपनीत २०२१ पर्यंत पूर्ण सपोर्ट मिळाला. दुसऱ्या मालकाने तो २०२१ मध्ये घेतला, त्याच्या हाती चार वर्षे आली. तिसऱ्याने २०२४ मध्ये घेतला, त्याला जेमतेम वर्षभर. भाचीला काहीच नाही. मुदत उत्पादनाच्या वेळापत्रकावरून मोजली जाते. माणसाने पैसे केव्हा मोजले याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे ज्याने सर्वांत जास्त रक्कम दिली त्याला संपूर्ण संरक्षण मिळते, आणि ज्याला नवा संगणक घेणे सर्वांत अवघड त्याच्या हाती यंत्र पोचते तेव्हा संरक्षण संपलेले असते. दुकानातल्या कागदी चिठ्ठीवर कोअर, रॅम, एसएसडी, इंच आणि दिरहम लिहिलेले असतात. सपोर्ट कधीपर्यंत, हे लिहिलेले नसते. औषधाच्या पाकिटावर तारीख छापणे सक्तीचे आहे, तशीच ती या चिठ्ठीवर असायला हवी. जुन्या यंत्राच्या किमतीचा तो अर्धा अर्थ आहे.

सपोर्ट संपल्यावर खरा धोका किती, याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एकांना वाटते की दुसऱ्या दिवशीच यंत्र लुटले जाईल. दुसऱ्यांना वाटते की हा सगळा विक्रीचा डाव आहे. वस्तुस्थिती अशी की धोका हळूहळू साचत जातो. विंडोज १० आणि ११ यांच्यात बरीचशी आज्ञावली सामाईक आहे. ११ साठी दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा हल्लेखोर जुनी आणि दुरुस्त फाइल शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते शोधतात. बदल जिथे, फट तिथे. ती फट १० मध्येही असेल आणि तिथे बुजवली गेली नसेल, तर दुरुस्तीनेच चोराला पत्ता सांगितल्यासारखे होते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असे पत्ते वाढत जातात.

मे २०१७ मध्ये जगाने याचा अनुभव घेतला. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो शुक्रवार होता, अमिरातीत तेव्हा सुट्टीचा वार. फटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढली होती. बळी गेलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, ज्यांना ती मिळू शकत होती पण कुणी बसवली नव्हती. एक्सपीला तर ती मिळणारच नव्हती. शेवटी प्रसंग पाहून कंपनीने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही खास दुरुस्ती काढली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, तीच फट वापरणारा नॉटपेट्या आला आणि मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार त्याने ठप्प केला. मुंबईजवळ न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले या समूहाकडचे टर्मिनल बंद पडले, कंटेनर अडकले, ट्रकांच्या रांगा लागल्या. ज्या बंदरातून आखातात माल जातो, तिथल्या फाटकावर एका न बुजवलेल्या फटीचा परिणाम असा डोळ्यांना दिसला.

घरगुती वापरात सपोर्ट संपल्याची पहिली जाणीव मात्र हल्ल्यातून होत नाही. ती ब्राउझरमधून होते. गूगल क्रोमने विंडोज ७ ला १०९ व्या आवृत्तीवर थांबवले; फेब्रुवारी २०२३ मधली ११० वी तिच्यावर बसत नाही. मग एखादे बँकेचे संकेतस्थळ ब्राउझर जुना असल्याची सूचना देते, एखादा सरकारी अर्ज अर्ध्यावर अडतो. पुढे सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे कालबाह्य होतात आणि साधी पानेही लाल इशारा दाखवू लागतात. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही. यंत्र स्वतः धडधाकट असते, भोवतालचे जग एकेक पाऊल दूर सरकते.

मराठी माणसाच्या संगणकावर ही सरक अक्षरांतूनही दिसत आली आहे. एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकटीत खूण करावी लागे आणि बहुधा विंडोजची सीडी घालावी लागे. ती चौकट जटिल लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा यांच्यासाठी एकत्रच होती. त्यामुळे अरबीसाठी तयार केलेल्या संगणकावर देवनागरीही आपोआप चालू झालेली असे. आखातातल्या मराठी माणसाला मिळालेली ही अनपेक्षित सोय होती. पण ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ साली, ५.१ आवृत्तीत. एक्सपीच्या मंगल फॉन्टमध्ये ते नव्हते. म्हणून नव्या संगणकावर लिहिलेले ‘ॲप’ जुन्यावर चौकोनी डबा आणि पुढे ‘प’ असे दिसे. रुपयाचे चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरले. विंडोज ७ ला ते २०११ च्या अपडेटमधून मिळाले, एक्सपीला मिळाले नाही. विंडोज १० ला मे २०१९ च्या अपडेटमध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक मिळाला आणि रोमन कळांवरून मराठी लिहिण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर शोधायची गरज राहिली नाही. म्हणजे अपडेट बंद होणे ही भाषेच्या दृष्टीनेही तोट्याची गोष्ट आहे. लिपी बदलत नाही असे वाटते, पण संगणकावरची लिपी वर्षागणिक पुरी होत आली आहे, आणि ती अपडेटमधूनच पुरी झाली.

याची दुसरी बाजू युनिकोडपूर्व फायलींची आहे. तिच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण इथे जुने यंत्र टाकून देणे हेच नुकसान ठरू शकते. २००० सालाच्या आसपास मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये किंवा आकृतीत टाइप होत असे. या फायलींत देवनागरी अक्षरे साठवलेली नसतात. साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे संकेत, आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अख्खी स्मरणिका चिन्हांची निरर्थक रांग होऊन बसते. त्यात पुन्हा काही सॉफ्टवेअर लॉकवर चालत. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचे ते छोटे डोंगल नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नसे, आणि ते पोर्ट आता लॅपटॉपवर उरलेले नाही. एखाद्या मंडळाच्या जुन्या गणेशोत्सवाची स्मरणिका, एखाद्या हौशी नाट्यप्रयोगाची संहिता, कुणाच्या वडिलांनी निवृत्तीनंतर टाइप केलेल्या आठवणी अशा स्वरूपात पडून असतील, तर त्या उघडू शकणारे यंत्र सपोर्ट संपून कितीही वर्षे झाली तरी मोलाचे आहे. त्याचे इंटरनेट तोडावे आणि ते चालू ठेवावे. जाळ्याला न जोडलेल्या संगणकाला बाहेरून आत शिरणाऱ्याचे भय जवळजवळ राहत नाही. तिथे संशय धरायचा तो फक्त पेनड्राइव्हचा. मजकूर पीडीएफ करून आणि परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये काढून घेतला, की मग त्या यंत्राला रजा देता येते. हे काम पुढच्या वर्षी करू म्हणून ठेवले की डिस्क आधी जाते.

ॲपलच्या यंत्रांची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच येते. इंटेलच्या चिप सोडून स्वतःच्या चिपकडे जाण्याचे ॲपलने जून २०२० मध्ये जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, आणि तीही २०१९-२० च्या मोजक्याच इंटेल मॉडेलांवर चालते. शिवाय ॲपल शेवटची तारीख आधी जाहीर करत नाही. या एका बाबतीत मायक्रोसॉफ्टची पद्धत ग्राहकाला अधिक न्याय देणारी आहे: तारीख कडू असली तरी वर्षानुवर्षे आधी माहीत असते.

मुदत संपलेल्या विंडोज १० च्या मालकापुढे वाटा आहेत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाच्या वाढीव सुरक्षा दुरुस्त्या देऊ केल्या. त्यासाठी ३० डॉलर, म्हणजे ११० दिरहमच्या आसपास भरायचे, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण द्यायचे, किंवा संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून बॅकअप चालू करायचा, म्हणजे फुकट. एका खात्यावर दहा यंत्रांपर्यंत ही सोय चालते. युरोपीय आर्थिक क्षेत्रात ग्राहक संघटनांच्या रेट्यामुळे बॅकअपची अटही काढावी लागली. दुबईत आणि भारतात ती राहिली. संघटित ग्राहक असला की त्याच फायली त्याच सर्व्हरवरून अधिक चांगल्या अटींवर मिळतात, हे इथे स्पष्ट दिसते. व्यावसायिक वापराला पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, अशी तीन वर्षांपर्यंत सोय आहे.

काही दुकानदार रूफससारखे साधन वापरून अटी चुकवून विंडोज ११ टाकून देतात. ते चालते, पण अशा यंत्राला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असे कंपनीने सांगून ठेवले आहे, आणि २४एच२ आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूही होत नाही. विकत घेणाऱ्याला ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे. ‘विंडोज ११ आहे’ एवढ्यावर किंमत वाढवणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर पैसे घेणे आहे.

सर्वांत टिकाऊ वाट लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची. लिनक्स मिंटची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत दुरुस्त्या घेत राहील आणि आय५-७२००यू तिला सहज पुरतो. लिबरऑफिस मराठीत वापरता येते, रेड हॅटने मुक्त केलेल्या ‘लोहित’सारखे देवनागरी फॉन्ट मिळतात, इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो. करामातल्या मराठी माणसाला हे शिकायला लांब जायला नको, शेजारच्या केरळी तरुणाला विचारावे. केरळच्या सरकारी शाळांत संगणक शिक्षण अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, आणि २०१९ मध्ये तिथल्या दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर लिनक्सवर आधारित प्रणाली बसवण्याचे काम हाती घेतले गेले. महाराष्ट्रात २००१ पासून लाखो जणांनी एमएस-सीआयटी केले. त्या अभ्यासक्रमाने खेडोपाडी माउस हातात दिला, हे त्याचे मोठे काम आहे. पण तो माउस विंडोजवरच फिरला. त्यामुळे लिनक्सचे नाव काढले की मराठी घरात दडपण येते आणि मल्याळी घरात येत नाही. बुद्धीचा प्रश्न त्यात नाही, शाळेत काय उघडले गेले याचा आहे.

लिनक्सच्या मर्यादाही खऱ्या आहेत. टॅली विंडोजवरच चालते, आणि जानेवारी २०१८ मध्ये अमिरातीत पाच टक्के व्हॅट लागू झाल्यापासून करामातल्या हिशोबनिसाची रोजीरोटी तिच्यावर जास्तच अवलंबून आहे. ऑटोकॅडही लिनक्सवर नाही. ज्याचे पोट या दोन प्रोग्रॅमवर आहे त्याने आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप घ्यावा. सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर मिंट टाकून तो मुलांना द्यावा.

कायद्याने काय करता येते, याचे उदाहरण युरोपने फोनच्या बाबतीत घालून दिले आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट द्यावी लागतात. मोजणी पहिल्या विक्रीपासून नाही, शेवटच्या नगापासून. डिजिटल वस्तूंच्या सायबर सुरक्षेचा तिथला व्यापक कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. भारतासारख्या आणि अमिरातीसारख्या देशांत, जिथे एक यंत्र चार हातांतून जाते, अशा नियमाची गरज युरोपपेक्षा जास्त आहे. नव्या सोयी देऊ नका, पण फटी बुजवत राहा, आणि तारीख खोक्यावर व दुकानातल्या चिठ्ठीवर छापा, एवढी मागणी वाजवी आहे.

कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज केला होता की विंडोज १० च्या मुदतीमुळे जगातले २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपचा पर्यावरणावरचा बहुतेक भार तो बनवतानाच पडून गेलेला असतो, म्हणून चालता लॅपटॉप आणखी चार वर्षे वापरणे हा सर्वांत स्वस्त पुनर्वापर आहे.

ज्या लॅपटॉपला खरेच निरोप द्यायचा आहे त्याची आधी डिस्क पुसावी लागते. आखातातल्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये पासपोर्टच्या, व्हिसाच्या, एमिरेट्स आयडीच्या आणि सगळ्या कुटुंबाच्या दाखल्यांच्या प्रती असतात. टायपिंग सेंटरला पाठवलेली प्रत्येक स्कॅन फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहिलेली असते. रिसायकल बिन रिकामी करून त्या जात नाहीत. ‘रीसेट’मध्ये सर्व काही काढण्याचा आणि त्यासोबत ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्याय निवडावा लागतो. डिस्क बिघडलेली असेल तर ती काढून स्वतःकडे ठेवावी. चालता लॅपटॉप गावी नेता येतो. बंद पडलेल्याची गोष्ट निराळी: १ जानेवारी २०२५ पासून बाझल कराराच्या दुरुस्तीप्रमाणे कोणताही ई-कचरा, घातक असो वा नसो, दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्या देशाची पूर्वसंमती लागते. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर तो लॅपटॉप विमानाच्या सामानात घालणे धोक्याचे आहे आणि त्याला मनाईही आहे. तो चार्जरला न लावता, कचऱ्याच्या डब्यात न टाकता, दुबईतच ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा.